गाडीखाली

वाडीनाक्याच्या पुढे, ट्रकांच्या रांगेत
आमचं चाकांवरचं घर उभं आहे.
मे महिना. सकाळचे अकरा.
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि मागच्या चाकाजवळ टप्... टप्...
ज्याचं नाव घरात कोणी घेत नाही, ते.

छत्तीस वर्षं बँकेत
मी दुसऱ्यांच्या खात्यांतली गळती शोधली.
निवृत्तीच्या पैशात ही गाडी बांधून घेतली:
दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग, छोटा ओटा,
कुंदानं शिवलेले पडदे,
आणि पायाखाली काळी टाकी, साठ लिटरची.
पाहुण्यांना मी पडदे दाखवायचो.

तथागत रामटेके आला. आयटीआय झालेला,
बुटीबोरीला गाड्या बांधणारा. खिशाला पेन.
वाकला, पाहिलं.
"रबर गेलं काका. ऊन पिऊन पिऊन खापर झालं त्याचं."
मी हातमोजे पुढे केले.
त्यानं घेतले, उलटेसुलटे पाहिले,
परत माझ्याच हातात ठेवले.
"तुमच्या मापाचे दिसतात."

हसला नाही. रागावलाही नाही.
"आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं.
उपाशी राह्यला, पण सोडलं.
नवी झडप मी बसवून देतो.
वापरलेली ज्याची त्यानं खोलावी.
टॉर्च धरतो ना मी."

मी वझलवार, वय एकसष्ट,
बनियनवर, पोत्यावर, पाठीवर आडवा.
वर गाडीचं पोट.
माझ्या घराला पोट आहे हे मला तेव्हा कळलं.

"टाकी रिकामी केली?"
काल केली, भांडेवाडीला.
"दोनदा धुतली?"
एकदा.
"धुवा. भरल्या टाकीचा बोल्ट माणूस एकदाच खोलते."

चार बोल्ट. तिसरा गंजलेला,
त्यानं अर्धा तास खाल्ला आणि माझं कोपर.
मग पातं बाहेर सरकलं.
त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
आणि खाचेत, रबराच्या ओठाखाली,
पेरूची एक बी.
सावनेरला घेतलेले पेरू, जानेवारीत.
सगळं पचलं होतं, ही तेवढी राहिली,
आणि तिच्या फटीतून घरभर वास.

"लिंबूसत्वात बुडवा पातं. घासू नका, ओरखडा पडते.
वंगण सिलिकॉनचंच. साधं ग्रीस लावाल, रबर फुगते.
कसताना तिरपं कसा. हा, मग त्याच्या समोरचा.
एकच बाजू आवळली की दुसरी तोंड उघडते.
आणि काका, रोज थोडं थोडं सोडत नका जाऊ.
झडप उघडी ठेवली की पातळ निघून जाते,
जड ते मागे राह्यते. वाळते. मग छिन्नी लागते.
भरू द्या. मग एकदमच उघडा."

"ऐकलं का?" पायरीवरून कुंदा म्हणाली.
टाकीला म्हणाली की मला,
हे मी खालून विचारलं नाही.

बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता.
त्यानं कॅन उचलला. मी हात पुढे केले.
वरून पाणी, खाली ओंजळ.
हे चित्र मी लहानपणी
आमच्या मागच्या दारी रोज पाहिलं होतं,
फक्त माणसं उलटी उभी होती.
तो काही बोलला नाही. धार नीट धरली,
साबण दोनदा दिला.

मग टाकीत दोन बादल्या पाणी,
गाडीखाली कालचं वर्तमानपत्र,
आणि आम्ही तिघं रस्त्याकडेला, लिंबाखाली,
कुंदाच्या थर्मासमधलं ताक पीत
एका कागदाकडे पाहत बसलो.
वीस मिनिटं. एकही ठिपका नाही.

खिशातलं पेन काढून त्यानं बिल लिहिलं,
अक्षर माझ्यापेक्षा सुबक:
रबर, दोन नग – एकशे ऐंशी.
टॉर्च धरणे – तीनशे.